चालत्या जुन्या फोर-बाय-फोरची सगळी वीज एकदम गेली तर शोध कुठून सुरू करायचा

प्रश्न थोडक्यात असा. जुनी डिझेल फोर-बाय-फोर, यांत्रिक फ्यूल पंप, बारा व्होल्टची साधी वायरिंग, कंप्यूटर कुठेच नाही. खडकाळ वाटेवर लो-रेंजमध्ये चढताना एकदम सगळं गेलं. हेडलाइट, डॅशबोर्ड, हॉर्न, हॅझार्ड बंद आणि इंजिनही बंद. चावी फिरवली तर सेल्फचा ‘टक’ असा आवाजसुद्धा नाही. बोनेट उघडून इकडेतिकडे हात लावला, पंधरा मिनिटं गेली आणि गाडी काही न करता सुरू झाली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मीटरवर बॅटरी १२.६ दाखवते, इंजिन चालू असताना १४.१. बॅटरी नवी टाकून झाली, आता इग्निशन स्विच बदलू का?

एवढ्यात नको. तुमच्याच वर्णनात त्या स्विचच्या बाजूने साक्ष आहे, ती म्हणजे हॅझार्डही गेले. जुन्या वायरिंगमध्ये हॅझार्डचा सप्लाय चावीच्या आधीच निघतो, म्हणून चावी खिशात असली तरी ते लुकलुकतात. बऱ्याच गाड्यांत हेडलाइटचंही तसंच असतं. इग्निशन स्विच मेला तर इंजिन थांबेल, गेजचे काटे पडतील, वायपर अर्ध्या काचेवर अडकेल, पण हॅझार्ड चालतील. ते गेले त्या अर्थी वाट चावीच्या बरीच आधी तुटली आहे.

दुसरी साक्ष याहून बोलकी आहे आणि ती सहसा नजरेतून सुटते. इंजिन चालू होतं आणि अल्टरनेटर नीट चार्ज करत होता. अशा वेळी नुसती बॅटरीची क्लॅम्प सुटली असती तर सगळं एका फटक्यात गेलं नसतं. अल्टरनेटर एकदा चार्ज करू लागला की स्वतःचं फील्ड (आतलं चुंबकक्षेत्र) स्वतःच पोसतो. बॅटरी वाटेतून निघाली तरी दिवे भगभगत, कमीजास्त होत का होईना, बहुधा चालू राहतात आणि डिझेलचा स्टॉप सोलेनॉइड (वीज असेपर्यंतच इंजिनला डिझेल जाऊ देणारी झडप) तेवढ्यावर उघडा राहतो. तुमच्याकडे बॅटरी आणि अल्टरनेटर या दोघांचाही सप्लाय एकाच क्षणी तुटला. म्हणजे तुटलेली जागा दोघांच्या वाटा एकत्र आल्यानंतरची असणार, आणि अशा जागा मोजक्याच आहेत. फ्यूजिबल लिंक (फ्यूजचं काम करणारा वायरचा तुकडा) किंवा मेन फ्यूज, तिथून केबिनमध्ये जाणारी मेन वायर, फायरवॉलमधला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातला) मोठा कपलर, डॅशवर अँमीटर असेल तर तो, आणि परतीच्या वाटेवर इंजिनपासून बॉडीपर्यंतची अर्थची पट्टी. इंजिन अगदी आयडलला असेल आणि लोड जास्त असेल तर बॅटरीविना अल्टरनेटर कोलमडतोही. त्यामुळे बॅटरीची टर्मिनलं निर्दोष सुटत नाहीत, पण यादीत खाली जातात.

आता त्या १२.६ बद्दल, कारण नवी बॅटरी त्याच आकड्यामुळे विकत घेतली गेली असणार. डिजिटल मीटरचा आतला रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो, म्हणजे तो वायरमधून एका मायक्रोअँपिअरच्या आसपास करंट घेतो. समजा जोडावर गंज बसून १००० ओहमचा अडथळा झाला आहे. मीटरला तो जाणवणारही नाही, १२.६ मधले जेमतेम एक-दोन मिलिव्होल्ट तिथे पडतील. त्याच जोडातून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा. पेटलेल्या बल्बचा रेझिस्टन्स ७ ओहमच्या आसपास असतो. त्याच्यासाठी हजार ओहम म्हणजे भिंत, तो मिणमिणणारही नाही. शंभर तारांच्या केबलमधली एकच तार शाबूत असली तरी मीटर खुशाल १२.६ म्हणेल. म्हणून या कामात लोडशिवाय घेतलेलं कुठलंही रीडिंग मोजू नका.

हत्यारं फार लागत नाहीत. एक मीटर, आणि बरोबर स्वतः केलेला टेस्ट लॅम्प. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसह घ्या, दोन्ही वायरींना क्रोकोडाइल क्लिप लावा, एक वायर तीन मीटर लांब ठेवा. बाजारातल्या पेनसारख्या टेस्टरमध्ये इवलासा बल्ब किंवा एलईडी असते, ती मीटरसारखीच फसते. याशिवाय जंप केबल, ४ चौरस मिलिमीटरची मीटरभर वायर, वायर ब्रश, पॉलिश पेपर. कामाला लागण्याआधी अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढा. पाना पॉझिटिव्ह आणि बॉडी यांच्यात अडकला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि अंगठी बोटावरच लाल होते. बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. नुकतीच चार्ज झालेली बॅटरी हायड्रोजन सोडत असते, म्हणून शेवटचा जोड तिच्या तोंडावर ठिणगी उडवून करू नये.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडी मेलेली असताना कशालाही हात लावू नका. आपण नेमकं उलट करतो. बोनेट उघडलं की पहिला हात टर्मिनलवर जातो, ते हलवलं जातं, गाडी सुरू होते आणि पुरावा जातो. तुमच्या दोन्ही वेळी हेच झालं. पुढच्या वेळी चावी चालू ठेवा, हेडलाइटचा स्विच चालू ठेवा आणि मग पुढच्या तीन गोष्टी याच क्रमाने करा.

पहिली, बॅटरीवर थेट लोड. बल्बच्या दोन्ही क्लिप क्लॅम्पवर लावू नका, बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर लावा. बल्ब लख्ख पेटला आणि मीटर १२ च्या वर राहिला तर बॅटरीतून करंट निघतोय. बल्ब लावताच व्होल्टेज एक-दोनवर कोसळलं तर बॅटरीच्या आतली एका सेलहून दुसऱ्या सेलला जोडणारी पट्टी तुटली आहे. खडबडीत वाटेवर, विशेषतः बॅटरीचा होल्ड-डाउन (तिला जागेवर धरणारी पट्टी) सैल असेल तर, हे नव्या बॅटरीलाही होतं. लोड नसताना अशी बॅटरी १२.६ दाखवते, कारण तुटलेली टोकं एकमेकांना जेमतेम टेकलेली असतात.

दुसरी, सेल्फ थेट मारणे. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. फॅन आणि बेल्टपासून हात-कपडे दूर. ती ४ चौरस मिलिमीटरची वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून सेल्फच्या सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलला क्षणभर टेकवा. बऱ्याच गाड्यांत त्यावर ५० लिहिलेलं असतं. स्क्रू ड्रायव्हरने जाड टर्मिनल शॉर्ट करण्याची पद्धत सोडा, तिने टर्मिनल जळतं आणि हातही. सेल्फ जोरात फिरला तर एका झटक्यात अर्धी गाडी निर्दोष ठरते. बॅटरी, दोन्ही टर्मिनलं, जाड पॉझिटिव्ह केबल, बॅटरी ते इंजिन अर्थ, सगळं ठीक. दोष मेन सप्लायच्या वायरीत किंवा बॉडी अर्थमध्ये. सेल्फ मेलेलाच राहिला तर दोष बॅटरी आणि इंजिन यांच्या मधल्या दोन केबलींच्या चार टोकांतच आहे, डॅश उघडायची गरज नाही.

तिसरी, जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंट्यावर आणि दुसरं बॉडीच्या कोऱ्या लोखंडावर, रंग खरवडून. सगळं उजळलं तर बॉडी अर्थ गेला होता, शोध संपला. मीटरनेही हे दिसतं आणि ते पाहण्यासारखं असतं. एक प्रोब निगेटिव्ह खुंट्यावर, दुसरा बॉडीवर. एरवी इथे ०.१ व्होल्टच्या आत यायला हवं. अर्थ तुटलेला आणि हेडलाइटचा स्विच चालू असेल तर इथे जवळजवळ पूर्ण १२ दिसतात, कारण दिव्यांच्या फिलामेंटमधून येऊन वीज बॉडीत तुंबून राहते. खरं तर सगळा शोध याच एका तत्त्वावर चालतो. स्विच चालू असताना ज्या दोन बिंदूंमध्ये वाट तुटली आहे, त्याच दोन बिंदूंमध्ये अख्खं बॅटरीचं व्होल्टेज दिसतं. बाकी प्रत्येक जोडावर शून्याच्या आसपास. म्हणून ‘इथे सप्लाय आहे का’ असं विचारत फिरण्यापेक्षा जोडाच्या अलीकडे एक प्रोब आणि पलीकडे दुसरा लावून ‘इथे किती पडतंय’ हे विचारा.

आता संशयित एकेक करून.

अर्थच्या पट्टीला ऑफ-रोड गाडीत वेगळंच महत्त्व आहे. चेसिसवर बसवलेली बॉडी रबरच्या बुशांवर असते, इंजिन आणि गिअरबॉक्सही रबरवर. म्हणजे बॉडीचा चेसिसशी आणि इंजिनशी विजेचा संबंध फक्त त्या एक-दोन विणलेल्या तांब्याच्या पट्ट्यांमुळे असतो. खड्ड्यात एक चाक वर, एक खाली गेलं की चेसिस पिळतो, इंजिन माउंटवर झुकतं आणि दर वेळी ती पट्टी वाकते. वीस वर्षांनी ती बाहेरून धड आणि लगच्या (टोकाला दाबलेल्या कडीच्या) तोंडाशी जवळजवळ तुटलेली असते. हाताने ओढली की तारा झडतात. सपाट रस्त्यावर दिसत नाही, चढावर इंजिन कलंडलं की टोकं सुटतात, गाडी थांबून पुन्हा सरळ बसली की टेकतात. चढावर जाणं आणि थांबल्यावर आपोआप परत येणं, हे यात बसतं. पट्टी अर्धवट गेली असेल तर सेल्फ मारताना करंट वाट शोधत अॅक्सिलरेटर किंवा क्लचच्या केबलमधून जातो. ती केबल गरम लागली, जड झाली, तिचं प्लास्टिक वितळलं, तर केबल बदलण्याआधी अर्थ बघा. दुरुस्ती करताना जुन्याच बोल्टाखाली नवी पट्टी नुसती चिकटवू नका. दोन्ही बाजूंचा रंग नाण्याएवढ्या जागेतून कोऱ्या लोखंडापर्यंत काढायचा, दातेरी वॉशर घालायचा, आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग. इंजिन-बॉडी, इंजिन-चेसिस आणि चेसिस-बॉडी अशा तीन पट्ट्या ठेवा. एक तुटली तर दुसरी आहे.

फ्यूजिबल लिंक ही जुन्या गाडीतली सर्वांत दुर्लक्षित वस्तू. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून किंवा सेल्फच्या जाड टर्मिनलपासून निघणारा हा वीतभर वायरचा तुकडा. पुढच्या वायरपेक्षा गेजच्या चार नंबरांनी बारीक, म्हणजे तांब्याचं क्षेत्रफळ सुमारे दोन-पंचमांश. मुख्य वायर जळण्याआधी ही वितळावी म्हणून मुद्दाम बारीक, आणि वरचं आवरण असं की आत तांबं वितळलं तरी ते पेट घेत नाही. इथेच फसगत होते, बाहेरून वायर अख्खी दिसते. दोन्ही टोकं चिमटीत धरून हलकेच ओढा. चांगली लिंक ताठ लागते, आतून तुटलेली रबरी नळीसारखी ताणली जाते. आवरणावर फोड किंवा फुगा असला तर बघायलाच नको. पूर्ण न वितळता एका जागी अर्धवट खाल्लेली लिंक हादऱ्यावर कधी जोडते, कधी सोडते. तिच्या जागी साधी वायर कधीही घालायची नाही. पुढचा शॉर्ट मग डॅशमागच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) पेटतो. त्याच मापाची लिंक मिळाली तर उत्तम, नाहीतर बोल्टाने आवळायचा पट्टीचा मेन फ्यूज झाकणासह बसवा. त्याचं रेटिंग त्या वायरमधून नेहमी जाणाऱ्या करंटपेक्षा थोडं वर आणि वायरच्या क्षमतेच्या खाली हवं. लिंक पूर्ण वितळलेली निघाली तर ती का वितळली हे शोधल्याशिवाय नवी लावू नका. डिझेलमध्ये ग्लो प्लगची (थंड इंजिन सुरू होण्याआधी आतून तापवणाऱ्या प्लगची) पट्टी बॉडीला टेकणं हे एक कारण असतं. चार प्लग मिळून ४० ते ६० अँपिअर घेतातच, त्यात एक शॉर्ट झाला की लिंक जाते.

डॅशवर अँमीटर असेल तर जास्त सावध व्हा. जुन्या रचनेत सेल्फ सोडून गाडीचा सगळा करंट त्या गेजच्या मागच्या दोन बोल्टांमधून जातो. नट सैल झाला की तिथे ठिणगी, उष्णता, प्लास्टिक वितळणं आणि मग अंधार. वर नंतर बसवलेले दिवे, फॅन, एअर कंप्रेसर यांचा भार त्याच बोल्टांवर. मागे हात घालण्याआधी बॅटरी सोडवा, कारण त्या बोल्टांवर चावी बंद असतानाही थेट सप्लाय असतो. लग तपकिरी-निळसर पडलेले असतील किंवा भोवतीचं प्लास्टिक ठिसूळ झालं असेल तर दोष सापडला. दोन्ही बाजूंच्या वायरी एकाच बोल्टावर आवळून, नीट इन्सुलेट करून गेज वाटेतून काढून टाकावा आणि त्याच्या जागी व्होल्टमीटर लावावा, हे माझं स्पष्ट मत. मूळ रूप जपण्याची हौस समजते, पण कोरडं गवत दाटलेल्या वाटेवर डॅशमागे आग ही फार मोठी किंमत आहे.

फायरवॉलचा कपलर आणि फ्यूज बॉक्सची मागची बाजू हे पुढचे. कपलर सोडवा आणि जाड वायरची पिन बघा. बाकी पिना पिवळ्या-पांढऱ्या आणि तीच एक काळी, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी, तर तिथे रेझिस्टन्स तयार होतोय. आकडा लक्षात घ्या. ६० अँपिअरच्या वाटेत फक्त ०.०१ ओहमचा जोड म्हणजे ०.६ व्होल्टची घट आणि नखाएवढ्या जागेत ३६ वॅट उष्णता, सोल्डरिंग आयर्नएवढी. तापला की पिनचा स्प्रिंगपणा जातो, पकड सैल होते, आणखी तापतो. थांबल्यावर थंड झाला की पुन्हा टेकतो. तुमची ‘पंधरा मिनिटांनी आपोआप’ ही गोष्ट अशा जोडाचीही असू शकते. पिन घासून भागत नाही. टर्मिनल नवं, किंवा ती एक वायर कपलर टाळून ग्रोमेटमधून (पत्र्याच्या भोकातल्या रबरी कडीतून) सरळ आत. फ्यूज बॉक्समागच्या रिव्हेट मारलेल्या पट्ट्यांचंही तेच, रिव्हेट सैल झाल्या की एका रांगेतलं सगळं जातं.

टर्मिनलं यादीत खाली आहेत म्हणून सोडायची नाहीत. खुंटा आणि क्लॅम्प यांच्यात काळसर कातडं धरतं, ते बाहेरून दिसत नाही. क्लॅम्प काढून दोन्ही शिसं चमकेपर्यंत ब्रश करा. पांढरी-हिरवी भुकटी असेल तर पाव लिटर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून धुवा, पाणी बॅटरीच्या बुचांत जाऊ देऊ नका. क्लॅम्प घासल्यावर पूर्ण आवळूनही फिरत असेल तर ती ताणलेली आहे, बदला. मध्ये खिळा ठोकणे, पत्रा घालणे हे उपाय नव्हेत. केबलचं टोक दोन स्क्रूंच्या पट्टीखाली दाबलेलं जोड-टर्मिनल असेल तर ते आजच काढा, त्याखालच्या तारा आतून हिरव्या पडतात. तपासणी सेल्फ मारताना करायची. खुंटा ते क्लॅम्प ०.१ व्होल्टच्या आत, निगेटिव्ह खुंटा ते इंजिन ब्लॉक ०.२ च्या आत, पॉझिटिव्ह खुंटा ते सेल्फचा जाड बोल्ट ०.५ च्या आत. सेल्फ फिरताना खुंट्यांवर ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टॉप सोलेनॉइडची वायर काढून ठेवा.

इग्निशन स्विचची पाळी कधी येते? हॅझार्ड आणि हॉर्न जिवंत, पण चावीनंतरचं सगळं मेलेलं असेल तेव्हा. चावी हलवून काटे उठले-पडले, किल्ल्यांच्या जड जुडग्यामुळे लोंबकळून संपर्क सुटला, तर तोच. पेट्रोल इंजिनात एक छान खूण आहे. सेल्फ मारताना इंजिन पेटतं आणि चावी सोडताच मरतं, तर कॉइलचा बॅलास्ट रेझिस्टर तुटला आहे किंवा स्विचचा ‘रन’ संपर्क गेला आहे. सेल्फच्या वेळी करंट रेझिस्टर टाळून जातो म्हणून तेवढ्यापुरतं चालतं.

अडकलात तर यांत्रिक पंपाचं डिझेल इंजिन घरी आणता येतं. स्टॉप सोलेनॉइडची वायर काढा आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून ५ अँपिअर फ्यूज घालून एक वायर थेट तिथे द्या, मग दुसऱ्या कसोटीतल्यासारखा सेल्फ मारा. इंजिन चालेल, पण चावीने बंद होणार नाही, ती वायर काढूनच थांबवावं लागेल. दिवे आणि वायपर नसतील, म्हणून हे फक्त उजेडात आणि वाहतुकीबाहेर. बॉडी अर्थ गेला असेल तर हा उपद्व्यापही नको, जंप केबलची काळी तार निगेटिव्हपासून बॉडीला घट्ट बांधली की झालं. काही पंपांत उलटी रचना असते, सप्लाय दिला की इंजिन थांबतं. अशी गाडी वीज जाऊन बंद पडतच नाही, त्यामुळे तुमची तशी नाही हे उघड आहे.

आता मोठा प्रश्न, दोष घरी दिसतच नसेल तर? तो गाडीबरोबर फिरायला हवा. दोन छोटे बल्ब डॅशवर दिसतील असे बांधा. एकाची पॉझिटिव्ह वायर फ्यूजिबल लिंकच्या अलीकडून, दुसऱ्याची पलीकडून, दोन्हींना बॅटरीजवळ १ अँपिअरचा फ्यूज. दोघांची निगेटिव्ह बॉडीला लावू नका, थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या, नाहीतर बॉडी अर्थ गेला की दोन्ही विझतील आणि काहीच कळणार नाही. मग त्याच वाटेवर जा. सगळं गेलं आणि पहिला पेटलेला, दुसरा विझलेला, तर लिंक. दोन्ही पेटलेले, तर दोष त्यांच्या पुढे किंवा बॉडी अर्थमध्ये, आणि तिसरी कसोटी तो फरक दाखवेल. दोन्ही विझले तर बॅटरीची टर्मिनलं. घरी करायचा स्वस्त प्रकार म्हणजे हेडलाइट लावून हार्नेस वीत-वीत सरकत हलवायचा, कपलर ढकलायचे, इंजिन पहारीने माउंटवर दोन्हीकडे दाबायचं आणि दुसऱ्याने दिव्याकडे बघायचं. इंजिन दाबल्यावर दिवा लवला तर पट्टी.

इथवर सगळं ‘वाट तुटली’ या दोषाबद्दल. शॉर्टचं लक्षण वेगळं, तिथे फ्यूज उडतो. तो उडाला की त्याच्या क्लिपमध्ये तोच २१ वॅटचा बल्ब लावा. शॉर्ट असेपर्यंत बल्ब पूर्ण तेजाने पेटेल, करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही, फ्यूजचा डबा संपणार नाही. मग त्या वाटेवरचं एकेक उपकरण सोडवा, बल्ब मंदावला तिथे दोष. ऑफ-रोड गाडीत आधी गिअरबॉक्सवरचा रिव्हर्सचा स्विच आणि ट्रान्सफर केसवरचा फोर-व्हील दिव्याचा स्विच बघा. त्यांच्या वायरी खाली लोंबतात, फांद्या-दगडांनी ओरबाडल्या जातात आणि त्यांचा फ्यूज पुष्कळदा गेज-वायपरबरोबर सामायिक असतो. रिव्हर्स टाकला की गेज मेले, हे कोडं तिथे सुटतं. त्यानंतर ट्रेलर सॉकेट, टाकीवरची सेंडर वायर, एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळून जाणारा हार्नेस. जुन्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या फ्यूजवर डोळ्यांनी विश्वास ठेवू नका. तार अख्खी दिसते आणि टोपीखाली तुटलेली असते, किंवा क्लिप गंजलेली. दोन्ही टोकांवर लोड देऊन बघा. हेडलाइट ठरावीक अंतराने आपोआप बंद-चालू होत असतील तर फ्यूजऐवजी आपोआप जुळणारा ब्रेकर आहे आणि त्यामागे शॉर्ट किंवा जास्त भार.

विंच असेल तर तिची जाड केबल वेगळी तपासा. भरल्या ओढीत ती ४०० अँपिअरच्या आसपास घेते आणि तिचे लग बॅटरीच्या त्याच क्लॅम्पवर बसवलेले असतात. विंच वापरल्यानंतर क्लॅम्प हाताला गरम लागते तो जोड वाईट. पाण्यातून गाडी काढल्यावर लगेच नाही, पण आठ-पंधरा दिवसांनी बिघडते. पाणी केशाकर्षणाने वायरच्या आवरणाखाली वर चढतं आणि तांबं काळं पडतं. कापलेली वायर काळी दिसली तर चमकदार तांबं येईपर्यंत मागे कापत जा, काळ्या तारेवर नवा लग दाबून उपयोग नाही.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका, अल्टरनेटर चालतो का हे बघायला चालू इंजिनवर बॅटरीची क्लॅम्प काढणं. भार एकदम तुटला की व्होल्टेज क्षणभर शंभरापर्यंत उसळू शकतं आणि रेग्युलेटर, डायोड, रेडिओ यांतलं काहीतरी जातं. तुमच्या बिघाडातही असा झटका बसला असेल, म्हणून दुरुस्तीनंतर चार्जिंग पुन्हा मोजा. साधारण १८०० आरपीएमला १३.८ ते १४.५ हवं. मीटर एसीवर टाकून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टहून जास्त आलं तर डायोड गेला आहे.

वायरीच्या कामात झाळण्यापेक्षा नीट दाबलेला लग बरा, कारण झाळलेली तार जिथे ताठ होते त्याच्या कडेला हादऱ्यांनी तुटते. वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. लोखंडातून जाईल तिथे ग्रोमेट, दर वीतभरावर क्लिप, आणि इंजिनकडून चेसिसकडे जाताना हलायला पुरेसा सैल वळसा. मेन वायर बदलायची झाली तर बारीक घेऊ नका. ६ चौरस मिलिमीटरच्या तीन मीटर वायरमध्ये ६० अँपिअरला अर्धा व्होल्ट जातो, १६ चौरस मिलिमीटरमध्ये ०.२.

सगळं झाल्यावर हेडलाइट, ब्लोअर, वायपर एकदम चालू करून इंजिन १५०० आरपीएमवर धरा. एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंट्यावर, दुसरा फ्यूज बॉक्सच्या इनपुटवर: ०.३ व्होल्टच्या आत. मग निगेटिव्ह खुंटा ते बॉडी: ०.१ च्या आत. दोन्ही आकडे बोनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. ते दोन बल्ब मात्र इतक्यात काढू नका, त्याच खडकाळ चढावर दोन-तीनदा जाऊन येईपर्यंत राहू द्या.